दुसऱ्याच्या नावानं मारलेल्या हाका

जानेवारी लागला की आमच्या सेक्टरच्या मैदानावर सकाळी टँकर येतो. माणसं माती भिजवतात, रोलर फिरवतात, दोरी ताणून चुन्याच्या रेषा मारतात आणि दुपारपर्यंत ती ओली माती उन्हात सुकत राहते. तिचा वास तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीपर्यंत येतो. मग मी हातातलं काम टाकून कठड्याशी उभी राहते. माझा नवरा अकोल्याचा, क्रिकेटपलीकडे त्याला खेळ ठाऊक नाही. तो आतूनच विचारतो, "सुरू झालं का तुझं?" दरवर्षी मी मोठ्यानं "हो" म्हणते. यंदा वास आला तसं मी गॅलरीचं दार लावून घेतलं.

मी कबड्डी कधी खेळले नाही. मी बघणारी. आमचं कॉलेज हायवेच्या अलीकडं, दुसरं पलीकडं. म्हणून आम्ही त्यांना ‘पलीकडचे’ म्हणतो. ते आम्हाला काय म्हणतात ते इथं लिहिण्यासारखं नाही. कॉलेज सुटलं, लग्न झालं, विमा कंपनीत नोकरी लागली, केस पांढरे व्हायला लागले, तरी कॉलेजांच्या कबड्डीची फायनल मी आजवर चुकवलेली नाही. शेजारच्या खुर्चीत कुंदा असते. कुंदा माझी वर्गमैत्रीण, शिरवणे गावातली. आम्ही साताऱ्याकडून येऊन इथल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा तिच्या घरची थोडी भातशेती अजून शिल्लक होती. आता तिथं इमारती आहेत आणि तिच्याकडे भाडेकरू. आम्ही दोघी पदरात खारे शेंगदाणे घेऊन बसतो आणि पलीकडच्यांचा गडी बाद झाला की कॉलेजच्या पोरींपेक्षा जास्त ओरडतो. पलीकडच्यांचं वाईट व्हावं असं मला मनापासून वाटत आलंय. त्यांचा कप्तान लंगडताना दिसला की माझा दिवस चांगला जातो. हे बरं नाही, पण आहे ते आहे.

तर यंदा त्यांचं वाईट झालं, आणि माझ्या कल्पनेपेक्षा कितीतरी जास्त झालं.

डिसेंबरात त्यांनी सेमीफायनल मारली. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर फिरणाऱ्या एका स्थानिक बातमीत त्यांच्या चढाईपटूचा फोटो आला, खाली ठळक नाव. नेमक्या त्या नावाचा मुलगा जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात कामाला होता. सोबतच्यांनी बातमी वाचली आणि त्याच्याकडे पेढे मागितले. तो आधी हसला, मग गोंधळला, मग म्हणाला, "अरे, तो मी नाय." एवढंच. कॉलेजात प्रवेश त्याचा, नाव त्याचं, जन्मतारीख त्याची. आणि मैदानावर तीन वर्षं उतरत होता दुसराच कोणी. ओळखपत्रावर फोटो त्या दुसऱ्याचा. आठवड्याभरात चौकशी बसली. पलीकडच्यांचे तीन वर्षांचे निकाल रद्द झाले, त्यांच्या जिमखान्याच्या सरांना घरी बसवलं, आणि त्या खेळणाऱ्या पोरावर कायमची बंदी आली.

मला उकळ्या फुटल्या. खोटं कशाला बोलू? या तीन वर्षांत त्या पोरानं आमचे बचाव फोडून काढले होते. मी आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर लिहिलं: "पलीकडच्यांकडे नवीन सोय. एका फीमध्ये दोन विद्यार्थी. एक शिकायला नाही, दुसरा खेळायला नाही, पण प्रमाणपत्र हमखास." लोकांनी डोक्यावर घेतलं. दोन दिवसांत माझाच मेसेज फिरून फिरून मला चार ठिकाणांहून आला, एक तर मामेभावाकडून, कोल्हापुराहून. मी ऑफिसात डबा खाताना तो पुन्हा पुन्हा वाचत होते.

त्या आठवड्यात मी साळवींच्या दुकानात गेले. साळवी झेरॉक्सचं दुकान चालवतात, स्टेशनच्या पश्चिमेला. मूळचे राजापूरचे, आणि पलीकडच्यांचे माजी विद्यार्थी. फायनलला ते बरोबर आमच्या समोरच्या बाजूला ताशा घेऊन बसतात. वर्षभर मी त्यांच्याकडून आधार कार्डाच्या प्रती काढते आणि जानेवारीत आम्ही एकमेकांची टिंगल करतो. हे वीसएक वर्षं चाललंय. त्या दिवशी मी मुद्दाम गेले होते. कागद पुढं करून म्हणाले, "साळवी, नीट बघा हां, फोटो माझाच आहे ना?" दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती, ती हसली. साळवींनी वर पाहिलं नाही. म्हणाले, "किती कॉप्या?" मशीनचा तो हिरवा उजेड त्यांच्या तोंडावरून एकदा इकडून तिकडे गेला. मी दोन कॉप्या घेऊन बाहेर पडले. तोपर्यंतसुद्धा मला काहीही वाटलं नव्हतं.

वाटायला लागलं ते कुंदाचा फोन आल्यावर. दुपारची वेळ होती, मी कपड्यांच्या घड्या घालत होते.

"संधे," ती म्हणाली, "आपल्या कपाला यंदा पंचवीस वर्सं झाली. कॉलेज सत्कार ठेवतेय टीमचा. स्मरनिका काढनार हायेत. फोटोखालची नावं तू लिवायची, असा सरांनी सांगितलाय. तुजा अक्षर चांगला हाय ना."

शेवटचं वाक्य ती हसत बोलली नाही. मी हातातला टॉवेल घडी न घालता तसाच खाली ठेवला.

पंचवीस वर्षांपूर्वीही माझं अक्षर चांगलं होतं. त्यामुळेच मी जिमखान्यात गेले. तळमजल्यावरची ती खोली, कोपऱ्यात मोडक्या व्हॉलीबॉलच्या जाळ्या, दुखण्यावर चोळायच्या मलमाचा उग्र वास, भिंतीवर पलीकडच्यांकडून हरलेल्या फायनल्सचे टीमफोटो, सगळेच्या सगळे उपविजेते. आमच्या सरांनी माझ्यापुढे पात्रतेचे बारा फॉर्म ठेवले. खेळाडूंचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, विद्यापीठातून फॉर्म परत यायचे. म्हणून मी. नाव, वर्ग, हजेरी क्रमांक, जन्मतारीख, मग डाव्या कोपऱ्यात गोंदानं फोटो. अकरा फॉर्म झाले. बाराव्या वेळी सरांनी पाकिटातून फोटो काढून दिला, तो कुंदाच्या मोठ्या भावाचा, रामदासदादाचा. आणि नाव सांगितलं विलास. विलास म्हणजे त्यांचा चुलतभाऊ, माझ्याच वर्गात, जाड चष्म्याचा. त्यानं जन्मात कधी कुणाचा पाय धरला नव्हता.

मी सरांकडे पाहिलं. रामदासदादा पंचक्रोशीतला सगळ्यात चांगला चढाईपटू, पण पहिल्याच वर्षी दोनदा नापास होऊन कॉलेजबाहेर पडलेला. सर म्हणाले, "फोटो हा, नाव ते. तू फक्त अक्षर चांगलं काढ."

मी काढलं. इतकं चांगलं की सरांनी तो फॉर्म वर ठेवला. मला भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त अभिमान वाटला. एका मोठ्या कटात मला घेतलंय, पलीकडच्यांना धूळ चारायच्या कामात माझाही हात आहे, असं वाटून मी घरी जाताना रस्ताभर गाणं गुणगुणत होते.

खरा घोर पुढं होता. रामदासदादा खेळणार म्हणजे सगळं गाव बघायला येणार, आणि गाव आलं की हाका मारणार. एकानं जरी ‘रामदास’ म्हणून हाक मारली तर संपलं. म्हणून फायनलच्या आदल्या दिवशी संध्याकाळी देवळासमोरच्या ओट्यावर कुंदानं सगळ्यांची तालीम घेतली. लहान पोरं, काकू, जाळी विणायला बसलेले म्हातारे, सगळी. कुंदा हात वर करून विचारायची, "चढाईला कोन चाललाय?" आणि अख्खं आवार ओरडायचं, "विलास!" एक आजोबा दरवेळी ‘रामदास’च म्हणायचे. त्यांना दुसऱ्या दिवशी घरी ठेवायचं ठरलं, तर ते रडायला लागले. मी पायरीवर बसून हसत होते. रामदासदादा बाजूला उभा राहून चवड्यांवर उड्या मारत होता. तो हसत नव्हता.

फायनलच्या दिवशी हवेत धुरकं होतं, कारखान्यांकडून येणारं, घशात बसणारं. मैदानाला बांबूचं कुंपण. आम्ही गावाच्या घोळक्यात. रामदासदादाची आई, जिला मी मावशी म्हणायचे, अगदी पुढं बसलेली. तिला पण शिकवलं होतं. खऱ्या विलासला येऊ नकोस म्हणून बजावलं होतं, तरी तो आला, तोंडाला रुमाल बांधून, चष्मा खिशात ठेवून. त्याला धड काही दिसत नव्हतं. तो मला सारखा विचारत होता, "आता काय झालं? आता काय झालं?"

आधीच्या सामन्यांत कोणी नावं पुकारत नसे; फायनलला पुकारली तेव्हाच माझा जीव गेला होता. पंचांनी कागद बघून पुकारलं, "विलास." कोणी पुढं आलं नाही. पंचांनी पुन्हा पुकारलं. रामदासदादा चड्डीची नाडी आवळत दुसरीकडेच बघत उभा होता. त्या नावाला ओ द्यायची तालीम आम्ही सगळ्या गावाची घेतली होती, त्याची घ्यायला विसरलो होतो. शेवटी सरांनी पाठीत हात मारून त्याला पुढं ढकललं. पंच त्याच्याकडे पाहत राहिले. किती वेळ ते माहीत नाही. मला आठवतं ते एवढंच की कुंदाची नखं माझ्या मनगटात रुतली होती.

मग खेळ सुरू झाला आणि मी सगळं विसरले. शेवटची चढाई, आम्ही एका गुणानं मागे. रामदासदादा मध्यरेषा ओलांडून गेला. त्यानं कोपऱ्यातल्याला पाय लावला, आत वळला, तेवढ्यात दोघांनी कंबर धरली. तो पडला, पण पडताना त्यानं आपलं सगळं अंग लांबवलं, आणि त्याची बोटं, फक्त बोटं, चुन्याच्या रेषेवर टेकली. दोघांनी धरलेलं, एकाला पाय लागलेला, तीन गुण. बोटांना लागलेला चुना मला तिथून दिसला. "विलास! विलास!" सगळं गाव ओरडत होतं, मी ओरडत होते. माझ्या शेजारी तो खरा विलास रुमाल खाली ओढून, डोळे बारीक करून, स्वतःचंच नाव घसा फोडून ओरडत होता. फक्त मावशी गप्प होती. तिनं पदर तोंडात कोंबला होता. खोटं नाव तिच्या तोंडातून निघेना, आणि खरं निघालं तर पोराचं नुकसान.

संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्ड्याचा पाला, वर पेटवलेला पेंढा. मडकं उलटं केल्यावर जो वास सुटला तो अजून नाकात आहे. सगळेजण कप एकमेकांच्या हातात देत होते. प्रमाणपत्र मात्र विलासकडे गेलं, कारण त्यावर नाव त्याचं होतं. त्यानं ते बरंच जपून, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून धरलं होतं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात रामदासदादाचा फोटो आला, चुन्याला हात लागलेला, आणि खाली विलासचं नाव. मी त्या हंगामात उरलेले दोन महिने कॉलेजच्या नोटीस बोर्डाकडे बघत नव्हते. शिपाई वर्गात चिठ्ठी घेऊन आला की मी पडलेलं पेन शोधायला बाकाखाली वाकायचे. कोणी काही बोललं नाही. मार्चमध्ये परीक्षा आली, आणि मी विसरले. निदान मला वाटलं की विसरले.

पण गोष्ट तिथं संपली नव्हती. ते प्रमाणपत्र खेळाडूंच्या राखीव जागेसाठी चाललं आणि विलासला सरकारी खात्यात नोकरी लागली. साधा, पापभिरू माणूस. आजही ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचतो. रामदासदादानं टेम्पो घेतला, रेती-विटांचा. मध्यंतरी एका शाळेला कबड्डी शिकवायला माणूस हवा होता. तो गेला. पोरांना त्यानं अर्धा तास शिकवलं, मुख्याध्यापक खूश झाले, मग म्हणाले, कॉलेजपातळीवर खेळल्याचा काही कागद असेल ना? तो हेल्मेट उचलून परत आला. हे कुंदानं मला सांगितलं होतं, आणि मी "अरेरे" म्हणून विषय बदलला होता.

आता स्मरणिकेचा फोटो माझ्या टेबलावर होता, आणि खाली बारा नावांची जागा रिकामी. चार दिवस मला नीट जेवण गेलं नाही. विलास लिहिलं तर मी पलीकडच्यांच्या सरांपेक्षा वेगळी कशी? रामदास लिहिलं तर विलासची नोकरी जाईल, कदाचित त्याहून वाईट होईल; आणि आमचा तो एकुलता एक कपही जाईल. विद्यापीठ इतर कॉलेजांचेही जुने फॉर्म मागवणार अशी कुजबुजही सुरू झाली होती. कुठल्यातरी कपाटात माझ्या सुंदर अक्षरातला तो कागद असेल, गोंद पिवळा पडलेला. ऑफिसात फोन वाजला की मी दचकायला लागले. ग्रुपवर माझा तो मेसेज अजून फिरत होता आणि लोक हसत होते. कुंदाला विचारलं तर ती म्हणाली, "एक सख्खा, एक चुलत. मना नको इचारू. फोटो तू चिकटवलेला, तूच जा त्याच्याकडं."

रविवारी सकाळी गेले. रामदासदादा इमारतीखाली टेम्पो धूत होता. गुडघ्याला पट्टा बांधलेला. मला बघून पाईप बंद केला, खुर्ची दिली, वर हाक मारून चहा सांगितला. मी फोटो पुढं केला. त्यानं हात पुसून तो धरला आणि खूप वेळ बघितला.

"काय लिहू, दादा?"

"विलासच लिव."

"पण—"

"त्याची पोर बारावीला हाय, संध्या. आनि तो काय मागायला आलावता माज्याकडं? आपनच दिला त्याला." मग म्हणाला, "मना एकच वाटतं. आये जायच्या आधी एकदा तरी तिला वरडायला मिलाया पायजे होता."

मला रडू आलं. त्यानं पाहिलं नाही असं दाखवलं. फोटो परत देता देता त्यानं विचारलं, "त्या पलीकडच्यांच्या पोराचं खरं नाव काय गं?"

मला माहीत नव्हतं. तीन आठवडे मी त्या पोरावर विनोद करत होते. बातम्यांत सगळीकडे यार्डातल्या मुलाचं नाव आणि पुढं ‘तोतया’. त्याचं स्वतःचं नाव मी कुठं वाचलं नव्हतं, आणि ते असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

"चांगला खेलतो," रामदासदादा म्हणाला. "डावा पाय काय टाकतो! त्याला आता कोन मैदानात उभा नाय करनार."

घरी येऊन मी बारा नावं लिहिली. बाराव्या जागी विलास लिहिलं. अक्षर चांगलं आलं. कागद पाठवून दिला आणि तसंच उठून साळवींच्या दुकानात गेले. दुपारी गर्दी नसते. साळवी मशीनमध्ये अडकलेला कागद काढत होते.

"साळवी, तो तुमचा पोरगा. त्याचं खरं नाव काय हो?"

त्यांनी संशयानं पाहिलं. "का? अजून कायतरी लिहायचं रव्हला?"

"नाही हो. आईशप्पथ. नुसतं विचारतेय."

त्यांनी तो चुरगळलेला कागद हातातच धरला. मग म्हणाले, "मला ठावक नाय. तीन वर्षा ताशा बडवून बडवून त्याच्या नावान आरडलू. बोटाक घट्टे पडले. परवा वाटला, त्याका फोन करूया, दोन शब्द बोलूया. नंबर कोणाक मागूचो, तर कोणाचो म्हणून मागूचो?"

मी तिथं उभी होते. त्या क्षणी मी त्यांना सांगायला हवं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी ते समोरच्या बाजूला बसून हरले होते, ते कुणाकडून हरले, हे कळायचा त्यांना हक्क होता. शब्द ओठांवर आले. मग विलासच्या मुलीची बारावी आठवली, कपाटातला तो फॉर्म आठवला, आणि मी म्हणाले, "येते साळवी." ते बरं म्हणाले. साळवींना त्यांच्या पोराचं नाव माहीत नाही, म्हणून ते घेत नाहीत. मला आमच्या माणसाचं माहीत आहे.

ग्रुपवरचा मेसेज मी पुसून टाकला, पण तो माझ्या मोबाईलवरून पुसला गेला, एवढंच. सत्कार आठ दिवसांवर आलाय. हा लेख लिहायला घेतला तेव्हा ठरवलं होतं की निदान इथं तरी खरं लिहायचं, एकदा तरी त्या माणसाचं नाव कागदावर यावं, माझ्याच हातून. दोन दिवस बसले. विलासच्या निवृत्तीला अजून चौदा वर्षं आहेत. म्हणून सांगून टाकते: गावाचं नाव मी बदललं आहे, विलासचं बदललं आहे, आणि रामदास हेही त्याचं नाव नाही.